जंगलालगतच्या वावरात झाडे लावण्याआधी काय ठरवावे?

समुद्रपूर तालुक्यातील एका शेतकऱ्याने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. जंगलाला लागून आठ एकर वावर आहे आणि त्यातले वरचे तीन एकर उताराचे व बरड, म्हणजे उथळ मुरमाड, आहे. सोयाबीन शेंगा भरण्याच्या वेळी उघडिपीने वाळते, आणि जे वाचते ते काढणीच्या तोंडावर पाण्यात सापडते. उरलेसुरले रानडुकरे आणि रोही (नीलगायी) नेतात. बीटचे वनरक्षक म्हणतात की गावाने समिती करून वनविभागासोबत काम करावे आणि धुऱ्यावर म्हणजे शेताच्या बांधावर साग किंवा बांबू लावावा. घरातील वडीलधारे म्हणतात की धुऱ्यावर झाडे आली की पिकाला सावली, जनावरांना आडोसा आणि पुढेमागे जंगलखात्याचा जमिनीवर डोळा. मग झाडे लावावीत का, कोणती लावावीत, आणि या लोकांवर विश्वास ठेवावा का?

माझी नोकरी वनखात्यात, वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांत झाली. घरची शेती कापूस-तुरीची आहे आणि निवृत्तीनंतर मी ग्रामसभांना वनव्यवस्थापनाचे आराखडे तयार करण्यास मदत करतो. त्यामुळे हद्दीच्या दोन्ही बाजूंची गाऱ्हाणी मी ऐकलेली आहेत, आणि माझे मत असे झाले आहे की अशा गावांत झाडाचा प्रश्न सर्वांत शेवटी घ्यावा. तुमच्या वावरात जे बिघडते आहे, त्यातले बरेचसे हद्दीच्या दगडापलीकडे सुरू होते. त्या जंगलात जे बिघडते आहे, त्यातले बरेचसे गावातून सुरू होते. पाणी, आग, गुरे आणि रानजनावरे यांना ती हद्द ठाऊक नाही. तेव्हा आधी या चार गोष्टींवर शेतकरी आणि वनकर्मचारी यांचे एकमत व्हावे, ते कागदावर यावे, आणि मग रोपांची मागणी करावी.

हे सगळे एकमेकांत कसे गुंतले आहे ते पाहू. आपल्या भागात ज्वारी होती तोवर घरोघरी कडबा होता. ज्वारीची जागा सोयाबीनने घेतली आणि कडबा गेला. सोयाबीनचे कुटार गुरे खातात, पण त्याने वर्ष निघत नाही. चारा कमी पडला तशी गुरे जंगलात अधिक काळ राहू लागली. चराईने आणि दरवर्षीच्या वणव्याने जंगलातली जमीन उघडी पडली, पहिल्या जोराच्या पावसात तिच्यावर पापुद्रा धरू लागला आणि पाणी जिरण्याऐवजी उतारावरून धावू लागले. तेच पाणी तुमच्या वरच्या तीन एकरांत शिरते, माती खरवडून नेते, आणि जमिनीची खोली कमी झाली की आठ-दहा दिवसांच्या उघडिपीतच पीक माना टाकते. म्हणजे अतिवृष्टीचे नुकसान आणि उघडिपीचे नुकसान ही दोन वेगळी संकटे वाटत असली, तरी तुमच्या बरडात त्यांचे मूळ एकच आहे.

हवामानबदलाने यात भर पडली आहे. पाऊस सरसकट कमी झाला असे म्हणता येत नाही. तो पडण्याची रीत बदलली आहे. मध्य भारतात एकाच वेळी मोठ्या क्षेत्रावर होणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० ते २०१५ या काळात सुमारे तिपटीने वाढल्याचे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान विज्ञान संस्थेतील शास्त्रज्ञांच्या अभ्यासातून २०१७ साली पुढे आले. थोड्या दिवसांत खूप पाणी आणि मध्ये लांब खंड, असा पाऊस असेल तर पाणी अडवण्याची आणि मुरवण्याची जमिनीची ताकद हीच पिकाची ताकद ठरते, आणि ती ताकद वरच्या जंगलाच्या जमिनीतूनच सुरू होते.

पुढे जाण्याआधी कोणत्या गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत ते सांगतो, कारण माझे सल्ले सगळीकडे लागू होणार नाहीत. भंडारा, गोंदिया किंवा गडचिरोलीत धानाची बांधी, बोडी (शेतातले छोटे तळे) आणि मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) यांचा हिशेब वेगळा असतो. तिथे जंगलातून येणारे पाणी तलावाला हवे असते आणि प्रश्न मुख्यतः गाळाचा असतो. तुमच्याकडे कापूस-सोयाबीन-तुरीचा पट्टा आहे. दुसरे म्हणजे तुमच्या लगतची जमीन नेमकी कोणती आहे: राखीव वन, संरक्षित वन, की झुडपी जंगल? विदर्भातल्या झुडपी जंगलाच्या जमिनी वनच मानल्या जातील, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २२ मे २०२५ रोजी दिला आहे, त्यामुळे ‘ती तर पडीक आहे, उद्या जेसीबी लावून तळे खोदू’ असे गावात कोणी म्हणत असेल तर त्यांना थांबवावे. तिसरे म्हणजे गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे लगतचे जंगल सांभाळण्याचा गावाचा कायदेशीर हक्क, मिळाला आहे का. यावर कागदपत्रांची सगळी वाट बदलते; त्याबद्दल खाली लिहिले आहे.

आता पाण्यापासून सुरुवात करू. जुलैमध्ये चांगली सर चालू असताना वनरक्षकांना सोबत घेऊन वरच्या धुऱ्यावर उभे राहा. उन्हाळ्यात केलेल्या शिवारफेरीत सर्वांना आपापले म्हणणेच दिसते. पावसात केलेल्या फेरीत पाणी दिसते. ते साधारण दोन-तीन जागांवरूनच आत शिरत असते. जिथे ते पाल्यापाचोळ्यातून आणि गवतातून येते तिथे रंगाने तांबूस पण नितळ असते. जिथे जळालेल्या किंवा गुरांनी तुडवलेल्या जमिनीवरून येते तिथे गढूळ असते आणि कडेला राखेचे काळे कण थांबलेले दिसतात. प्रत्येक जागेचे पाणी एकेका काचेच्या बरणीत भरून त्यावर जागेचे नाव लिहा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी तळाशी बसलेला गाळ बोटाने मोजता येतो. या बरण्या समितीच्या पहिल्या बैठकीत मेजावर ठेवाव्यात. एरवी ज्या चर्चा ‘तुमची गुरे’ आणि ‘तुमचे खाते’ यावर अडतात, त्या बरण्यांसमोर ‘कोणता नाला आधी’ यावर येतात, असा माझा अनुभव आहे.

काम माथ्याकडून पायथ्याकडे करावे. जंगलातील घळींच्या वरच्या टोकाला अनघड दगडांचे छोटे बांध, उघड्या उतारावर समतल चर, आणि हद्दीजवळ आल्यावर पाण्याला गवताळ वाट करून नाल्याकडे वळवणे, हा क्रम. मात्र जिथे गवत आणि झाडोरा शाबूत आहे तिथे चर खोदू नयेत. उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी चांगल्या गवताळ जागेवर यंत्राने चर मारलेले मी पाहिले आहेत. त्याने फायद्यापेक्षा हानी अधिक होते, आणि हे वनकर्मचाऱ्यांना नम्रपणे पण स्पष्टपणे सांगण्याचा गावाला अधिकार आहे. तुमच्या वावरात सोयाबीन रुंद वरंबा-सरीवर किंवा पट्टापेर पद्धतीने, उताराला आडवे पेरावे, म्हणजे जास्तीचे पाणी सरीतून निघते आणि खंडात तीच सरी ओल धरते. वरच्या तीन एकरांत सलग सोयाबीनचा हट्ट सोडावा. तिथे तूर आणि ज्वारी अधिक टिकाव धरतील, आणि ज्वारीमुळे कडब्याचाही प्रश्न काही अंशी सुटेल. पाखरांची आणि डुकरांची राखण करावी लागेल हे मला मान्य आहे, म्हणून ज्वारी एकट्याने न पेरता लगतच्या चार-पाच शेतकऱ्यांनी मिळून पेरावी, म्हणजे जागल वाटून घेता येते. शेततळे करायचेच असेल तर बरडात नको. तिथे पाणी थांबणार नाही. खालच्या काळ्या जमिनीच्या कोपऱ्यात केले तर शेंगा भरताना एक संरक्षक ओलीत देता येते, आणि बहुतेक वर्षी त्या एका ओलितावरच पीक तरते.

आगीबद्दल मी अधिक सविस्तर लिहितो, कारण गावाच्या हातात असलेला सर्वांत स्वस्त आणि सर्वांत परिणामकारक उपाय तोच आहे. आपल्याकडील वणवे मुख्यतः माणसांकडून लागतात. मोहाची फुले मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळतात; पाचोळ्यात ती दिसत नाहीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवला जातो आणि ती आग दुपारच्या वाऱ्याने जंगलभर जाते. तेंदूला कोवळी पालवी यावी म्हणूनही आग लावली जाते. वनविभाग फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत जाळरेषा (आग अडवणारे मोकळे पट्टे) साफ करतो, उपग्रहावरून आगीचे इशारे मोबाइलवर येतात, पण एका वनरक्षकाकडे असलेले क्षेत्र पाहता इशारा मिळाल्यावर तो एकटा काय करणार? याउलट मोह वेचणाऱ्या बायकांना कोणते झाड कोणाचे आणि आग कुठून निघते हे नेमके माहीत असते. झाडाखालचा पाला खराट्याने बुंध्यापासून दूर सारून तिथे जुन्या साड्या किंवा जाळी अंथरली, तर फुले माती न लागता गोळा होतात, वेचण्याचा वेळ वाचतो आणि स्वच्छ फुलाला भावही बरा मिळतो. सारलेला पाला शेतात आच्छादनाला किंवा खताच्या खड्ड्यात घालता येतो; तो आणण्यास वनविभागाची हरकत नसावी, ही गोष्ट ठरावातच लिहून घ्यावी. मात्र झाडाखालचा तेवढाच पाला आणावा. जंगलभरचा पाला खरडून आणला तर वरची जमीन पुन्हा उघडी पडेल आणि मूळ उद्देशच बुडेल.

तेंदूच्या बाबतीत झुडपे जमिनीलगत छाटली तरी नवी पालवी येते, आग लागत नाही. काही गावांनी याहून पुढचा निर्णय घेतला आहे. चंद्रपूर जिल्ह्यातील गोंडपिपरी तालुक्याच्या पाचगावला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. तेथील ग्रामसभेने झाडांची छाटणी आणि आगी यांचा विचार करून तेंदूसंकलन बंद केले आणि बांबूवर भर दिला. प्रत्येक गावाला हे परवडेल असे नाही, कारण उन्हाळ्यातील तेंदूचा पैसा अनेक घरांची खरिपाची बी-बियाण्याची सोय असते. पण उत्पन्नाचे कोणते साधन जंगलाला जाळते आणि कोणते जाळत नाही, हा प्रश्न ग्रामसभेत मांडला जाणे हेच मला मोलाचे वाटते.

चराईबद्दल थोडक्यात. गुरे बंद करा असे म्हणणारी योजना पहिल्याच पावसाळ्यात मोडते. जंगलाचे तीन-चार भाग पाडून त्यातला एक भाग आळीपाळीने पावसाळ्यात विश्रांतीला ठेवावा आणि दिवाळीनंतर तिथले गवत कापून आणू द्यावे, हे पाळले जाते, अट एवढीच की गावचा गुराखी बैठकीत बसलेला असला पाहिजे. तो नसेल तर नकाशावरच्या रेषांना अर्थ नाही.

रानजनावरांचा विषय मात्र तुमच्या प्रश्नात एका वाक्यात आला असला तरी सर्वांत जिव्हारी लागणारा आहे. डुकरे आणि रोही खोल जंगलात राहून रोज तुमच्याकडे येतात असे नाही. त्यांचा दिवसाचा मुक्काम हद्दीलगतच्या रायमुनियाच्या म्हणजे टणटणीच्या जाळ्यांत आणि नाल्याच्या झुडपांत असतो. ही झुडपे वरवर तोडली तर दुप्पट जोमाने फुटतात. जमिनीखाली तीन-चार बोटे, जिथे खोड आणि मूळ जुळते त्याच्या खाली तोडून झुडूप उलटे करून ठेवले तर फूट येत नाही, आणि हे काम फळे पिकण्याआधी करावे लागते. साफ झालेल्या पट्ट्यात मारवेल आणि पवन्यासारखे स्थानिक गवत धरू दिले तर गुरांना चारा मिळतो, चितळांना जंगलातच चरायला मिळते आणि डुकरांचा आडोसा तुमच्या धुऱ्यापासून दूर जातो. ही जमीन वनविभागाची आहे, म्हणून त्यांच्या परवानगीशिवाय आणि देखरेखीशिवाय हे करता येत नाही. सहकार्याची गरज नेमकी इथे आहे. सौरऊर्जेचे झटका कुंपण सलग दहा-बारा शेतांना मिळून घेतले तर उपयोगी पडते, एकट्याने घेतले तर जनावर शेजाऱ्याकडे वळते आणि शेजारी तुमच्यावर चिडतो. कोणत्याही परिस्थितीत वीजवाहिनीचा थेट प्रवाह कुंपणात सोडू नये. त्याने वाघ मरतात, आणि पहाटे पाणी लावायला निघालेला आपल्याच गावचा माणूसही मरतो. नुकसान झाल्यास त्याच दिवशी फोटो काढून अर्ज द्यावा आणि पंचनाम्याची पोच जवळ ठेवावी.

आता वडीलधाऱ्यांच्या भीतीकडे वळतो. ती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. हद्दीच्या वादांत पिढ्या गेलेल्या घरांना ‘काही होत नाही’ असे सांगणे अन्यायाचे आहे. कायद्याची स्थिती अशी आहे की मालकीच्या जमिनीत झाडे लावली म्हणून ती जमीन वनखात्याची होत नाही. अडचण येते ती तोडताना. महाराष्ट्रात १९६४च्या वृक्षतोड नियमन कायद्याच्या अनुसूचीत साग, मोह, आंबा, चिंच, ऐन, बिजा, जांभूळ यांसारखी झाडे आहेत. ती मालकीची असली तरी तोडण्याआधी परवानगी आणि नेण्यासाठी वाहतूक परवाना लागतो. याउलट वनाबाहेर लावलेला बांबू २०१७च्या दुरुस्तीनंतर भारतीय वन अधिनियमात झाड म्हणून गणला जात नाही. म्हणून जे काही लावाल त्याची नोंद ई-पीक पाहणीत ‘बांधावरची झाडे’ म्हणून दरवर्षी करा आणि हद्दीकडील बाजूची एकदा रीतसर मोजणी करून घ्या. लागवड आपली आहे हे पंचवीस वर्षांनी सिद्ध करण्यापेक्षा आज नोंदवणे सोपे आहे.

विश्वासाबद्दल विचारलेत, तर माझे उत्तर असे की विश्वास माणसावर ठेवावा, पण व्यवस्था कागदावर करावी. चांगला वनपाल किंवा परिक्षेत्र अधिकारी काही वर्षांत बदलून जातो आणि त्याच्यासोबत तोंडी ठरलेले सगळे जाते. गावाला सामूहिक वनहक्क असेल तर २००६च्या वनहक्क कायद्याप्रमाणे त्या वनाचे संरक्षण आणि व्यवस्थापन करण्याचा अधिकार ग्रामसभेचा आहे, आणि वनविभाग तांत्रिक साथीदार म्हणून यावा. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) गावाने २००९मध्ये सुमारे १,८०० हेक्टरवर हा हक्क मिळवला, तर अमरावती जिल्ह्यातील पायविहीरने २०१२मध्ये १९३ हेक्टरच्या उजाड झालेल्या जागेवर मिळवून तिथल्या सीताफळांना बाजार मिळवून दिला. हक्क नसेल तर दावा दाखल करण्याची तयारी करावी आणि तोवर संयुक्त वनव्यवस्थापन समितीतून काम करावे; एकामुळे दुसरे अडत नाही. याच कायद्यात तलाव, लहान जलसाठे अशा गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने वळती करण्याची तरतूद आहे, तिचा उपयोग फारच थोडी गावे करतात.

समितीच्या ठरावात गोड वाक्ये नकोत. वनविभागाकडे तुमच्या भागाचा कक्ष क्रमांक (जंगलाच्या नकाशावरील तुकड्याचा क्रमांक) असतो आणि त्या कक्षात काय करायचे ते विभागाच्या कार्य आयोजनेत, म्हणजे जंगलाच्या कामांच्या आराखड्यात, लिहिलेले असते. तो भाग वाचून दाखवण्याची विनंती करा. मग ठरावात कक्ष क्रमांक, नाल्याचे नाव, कोणते काम, कोणत्या महिन्यात, मजुरी कोणत्या योजनेतून, गवतावर आणि पाल्यावर हक्क कोणाचा, आणि काम बिघडले तर कोणाला बोलवायचे, एवढे लिहा. शेतकऱ्यांच्या बाजूनेही लिहून द्या: कोणती घरे मोहाखाली आग लावणार नाहीत, कोणता भाग गुरांना बंद राहील. एकतर्फी मागण्यांचा ठराव कार्यालयात नुसता पडून राहतो.

एवढे झाल्यावर झाडांकडे येऊ. आठ एकरांच्या मालकाने धुऱ्यावर साग लावावा या मताचा मी नाही. पैसा हातात यायला पंचवीस-तीस वर्षे लागतात, परवान्याची दगदग आहे आणि तोवर पिकाशी स्पर्धा होते. बांबू चांगला, पण धुऱ्यावर नव्हे. त्याची मुळे पिकाची ओल घेतात. तो नाल्याच्या काठाला लावावा, जिथे काटेरी कटांग जातीचा बांबू माती धरतो आणि जनावरांना अडवतो, तर कोरड्या उताराला मानवेल जातीचा बरा. कोवळे कोंब डुकरे खातात, म्हणून पहिले दोन पावसाळे राखण हवी. बरडाच्या धुऱ्यावर सीताफळ लावावे, कारण त्याचा पाला गुरे-शेळ्या खात नाहीत. मधूनमधून गिरिपुष्प (ग्लिरिसिडिया) लावले तर जुलै-ऑगस्टमध्ये छाटून पाला सरीत टाकता येतो, आणि छाटल्यामुळे सावलीही राहत नाही. सावलीचा नियम सोपा आहे. खरिपात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, म्हणून सोयाबीनला त्रास कमी. कापूस आणि तूर हिवाळ्यापर्यंत उभी असतात तेव्हा सावली उत्तरेला पडते. जंगल तुमच्या उत्तरेला असेल तर त्या धुऱ्यावर उंच झाडे निर्धास्त लावा, दक्षिणेला असेल तर तिथे फक्त सीताफळ आणि छाटणीची झाडे ठेवा. पूर्वीपासून उभा असलेला मोह असेल तर तो काढू नका, सावली पडली तरी.

यावर्षीच्या पावसाळ्यात पाण्याची फेरी आणि बरण्या, दिवाळीनंतर गवतकापणी आणि टणटणीचा पट्टा, फेब्रुवारीआधी आगीचा ठराव, उन्हाळ्यात दगडी बांध, आणि पुढील जुलैत पाऊस स्थिरावल्यावर रोपे, असा क्रम मी धरला असता. तुम्ही मला तीन गोष्टी कळवा: बरडात खड्डा खोदल्यावर मुरूम किती फुटांवर लागतो, जंगल कोणत्या दिशेला आहे, आणि तलाठ्यांकडील नोंदीत लगतची जमीन कोणत्या प्रकारची दाखवली आहे. त्यावरून रोपांची संख्या आणि अंतरे मी लिहून देईन.